तळहातांवरचे ठिपके

१८ जून १९९२

अंघोळ करताना लक्षात आलं. ज्या जागेचं नाव मी आजवर उच्चारलेलं नाही आणि या वहीतही लिहिणार नाही, तिथे एक फोड आला आहे. मसुराच्या दाण्याहून थोडा मोठा, कडा कठीण. नवल म्हणजे तो मुळीच दुखत नाही. दुखत असता तर माईंना काहीतरी सांगितलं असतं. न दुखणाऱ्या गोष्टीची तक्रार कशी करायची, आणि नव्या घरात, सासूबाईंपाशी?

शाळेत नववीच्या जीवशास्त्रातलं प्रजननसंस्थेचं प्रकरण बाईंनी ‘घरी वाचा’ म्हणून सोडलं होतं. वर्ग हसला होता. मी दहावीला अमळनेर केंद्रात पहिली आले, पुढे एम.ए.लाही पहिली, पण ती आठ पानं मी घरीही वाचली नाहीत. वाचताना कोणी पाहिलं तर, अशी भीती. आज त्याची शिक्षा मिळते आहे असं वाटतं.

कारण शोधते आहे. गेल्या महिन्यात इथे उज्जैनला सिंहस्थाची गर्दी होती, घर पाहुण्यांनी भरलेलं. रोज कोणा ना कोणाला घेऊन घाटावर जावं लागे. ओल्या लुगड्यानं तासन्‌तास बसणं झालं, आणि ते पाणी! लाखो माणसं त्यात उतरलेली. त्यातूनच झालं असावं. स्वच्छता पाळायला हवी.

२१ जून

ह्यांना सांगितलं.

श्रीनाथ काल दौऱ्यावरून आले. रंगीत टीव्हीच्या एका नव्या कंपनीत ते विक्री प्रतिनिधी आहेत. रतलाम, मंदसौर, इंदूर, कधी मुंबई. महिन्यातले निम्मे दिवस हॉटेलात जातात. लग्नाला पाच महिने होत आले, तरी त्यांच्याशी बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवून घेते. आज सकाळी ते गच्चीवर आरसा टांगून दाढी करत होते, तेव्हा जुळवलेलं वाक्य कसंबसं बोलून टाकलं.

त्यांचा हात थांबला. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो हा: “दुखतो का?”

“नाही.”

“मग काही नाही. गरमी किती पडून राहिली आहे! थोड्या दिवसांत आपोआप चालला जाईल.”

“सुनंदा डॉक्टरांकडे जाऊन आले तर?”

“पागल झाली का? इतक्याशा गोष्टीसाठी? ती माईच्या भजनी मंडळात येते. उद्या टावर चौकात पोहेवालासुद्धा विचारेल, ‘बहूजी की तबीयत कैसी है?’” ते हसले, आणि हनुवटीवर कापून घेतलं.

संध्याकाळी स्वतः जाऊन यज्ञेश्वरकाकांकडून कॅप्सूल घेऊन आले. काका म्हणजे घरचे डॉक्टर, माझ्या सासऱ्यांचे, भय्यासाहेबांचे, बालमित्र. “तुझं नाव नाही घेतलं,” ते म्हणाले, “मित्राला झालंय म्हणून सांगितलं.” माझ्या लाजेचा त्यांनी इतका विचार करावा! मला भरून आलं. मी उगाच त्यांना दूरचे समजत होते.

२३ जून

कॅप्सूलची पट्टी फळीवर राहिली होती. भय्यासाहेब पंचांग घ्यायला आले, ती हातात घेऊन म्हणाले, “सूनबाई, ह्या कोणाच्या?”

“माझ्या. उष्णतेच्या आहेत.”

“कोणी दिल्या?”

“यज्ञेश्वरकाकांनी. ह्यांनी आणल्या.”

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पंचांग न घेताच गेले. दुपारी जेवले नाहीत. माई म्हणाल्या, “गॅस झाला असेल, काल भुट्ट्याचा कीस काय कमी खाल्ला?” संध्याकाळी मात्र मला मुद्दाम हाक मारून म्हणाले, “पाणी भरपूर पीत जा बेटा.” एवढंच.

या घरात मला खरोखर आपलं वाटतं ते फक्त सासऱ्यांपाशी. निवृत्त संस्कृत शिक्षक, आणि हौसेनं ज्योतिष पाहणारे. अर्ध्या उज्जैनच्या मराठी घरांतली लग्नं त्यांनी जुळवली आहेत, एक पैसा न घेता. ‘भय्यासाहेबांनी पाहिलं’ म्हटलं की दुसऱ्याला कोणी विचारत नाही.

माझ्या पत्रिकेतला मंगळही त्यांनीच काढला. लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं, निमंत्रणपत्रिका छापायला दिल्या होत्या. अमळनेरच्या जोशीबुवांना मंगळ दिसला नव्हता. पण भय्यासाहेबांनी सूक्ष्म गणित केलं आणि निरोप धाडला की शांती झाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, लग्न माघात करू. बाबा मला घेऊन इथे आले. मंगळनाथाला भातपूजा केली. नंतर याच बैठकीत हात जोडून ते म्हणाले, “मुलीचा दोष तुम्ही पोटात घातलात, उपकार विसरणार नाही.” भय्यासाहेब खाली सतरंजीकडे पाहत राहिले. उपकार करून संकोचणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

९ जुलै

फोड गेला! खूणसुद्धा राहिली नाही. ह्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. डॉक्टर व्हायला हवे होते, असं मी म्हटलं, तर म्हणाले, “चल, आता तो विषय बंद.”

देवापुढे साखर ठेवली. माईंनी विचारलं, कशाची? मी म्हटलं, अशीच.

२ ऑगस्ट

काही दिवस अंगात कणकण आहे. घसा लाल, मानेला बारीक गाठी लागतात. विंचरताना केस पुंजक्यानं येतात. आणि या वेळी पाळी आलेली नाही. माईंनी दिवस मोजलेच होते. काल शेजारणीला सांगत होत्या, “अजून बोलायचं नाही म्हणा, पण वाटून तर राहिलंय.” माझ्या ताटात आता दोन चमचे तूप जास्त पडतं.

भीती वाटते आणि आनंदही होतो. दोन्हीचं प्रमाण ठरवता येत नाही.

१० ऑगस्ट

तळहातांवर ठिपके उठले आहेत. तांबूस, चपटे, मसुराच्या डाळीसारखे. तळपायांवरही आहेत. खाज नाही, आग नाही. उद्या माझी पहिली मंगळागौर, तीस-पस्तीस बायका येणार, आणि हे असे हात!

सुलूला दाखवले. माझी नणंद, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. “अरे, वहिनी, इतकी काय टेन्शन घेऊन राहिलीस? मेंदी कशासाठी असते?” आणि तिनं कोपरापर्यंत मेंदी काढली, इतकी दाट की ठिपके दिसेनात. “आता दादालासुद्धा तुझे हात सापडणार नाहीत,” म्हणाली. ते दौऱ्यावर आहेत. राखीलाही येणं होणार नाही असा निरोप आहे.

११ ऑगस्ट

मंगळागौर थाटात झाली. हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबले आहे.

पूजा झाली. फुगड्या झाल्या. कोणी तरी मलाही ओढलं, तेव्हा माई ओरडल्या, “तिला नको ग, तिला नको!” आणि सगळ्या जणी समजून हसल्या. हळदीकुंकवाला मी एकेकीसमोर जात होते. सुनंदा डॉक्टर भिंतीशी बसल्या होत्या. त्यांना कुंकू लावलं, ओटी भरली, नारळ देताना त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. मेंदी पूजेच्या पाण्यानं जागोजागी फिकी झाली होती. त्यांनी हात उजेडाकडे वळवला.

“खाज येते?”

“नाही.”

“पायांना पण आहे?”

“हो.”

हसत हसत, जणू मेंदीचं कौतुक करत असाव्यात अशा चेहऱ्यानं, पण अगदी हळू त्यांनी विचारलं, “दीड-दोन महिन्यांआधी खाली कुठे फोड आला होता? न दुखणारा?”

ही गोष्ट मी आणि हे, दोघांखेरीज कोणाला माहीत नाही. हात पाहून हे कसं कळतं?

“उद्या सकाळी दवाखान्यात ये,” त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं, “माई, सूनबाईला उद्या पाठव बरं. पहिलटकरीण आहे, रक्त तपासून घेऊ.”

१३ ऑगस्ट

काल सुलूबरोबर जाऊन आले. तिला बाहेर बसवून डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं. दिवस गेले आहेत, हे नक्की. बाकीचं अहवाल आल्यावर बोलू, म्हणाल्या. पण त्यांना संशय कशाचा आहे ते मी हट्टानं विचारून घेतलं. त्यांनी एक नाव सांगितलं. मला तो शब्द संस्कृत ग्रंथातला म्हणून ठाऊक होता. उपदंश.

आज वाचनालयात गेले. आरोग्याच्या कपाटापाशी उभी राहून, वरून दुसरं पुस्तक उघडं धरून वाचलं. पहिली अवस्था: न दुखणारा फोड, तो उपचाराविना नाहीसा होतो आणि रोगी फसतो. दुसरी: ताप, घसा, केस गळणं, तळहात-तळपायांवर न खाजणारे ठिपके. ओळीमागून ओळ जणू कोणी मला पाहून लिहिली होती. त्यापुढे कारण दिलं होतं.

वर्णन माझं आहे, कारण माझं नाही. मी तर लग्नाआधी कोणाशी नजर वर करून बोललेही नाही. टॉवेलमधून, पाण्यातून, पाहुण्यांच्या अंथरुणातून असं होत असेल काय? पुस्तकात ‘क्वचित’ असा एक शब्द आहे. मी तो शब्द धरून बसले आहे.

१७ ऑगस्ट

आज जे घडलं ते क्रमानं लिहिते. क्रम सुटला तर मीही सुटेन.

सोमवार असल्यानं महाकालाच्या सवारीची गर्दी होणार, म्हणून माईंनी मला भय्यासाहेबांबरोबर सकाळीच पाठवलं. ते बाहेर बाकावर बसले. आत डॉक्टरांनी अहवाल सांगितला. रोग आहेच. “उपचार आहे,” त्या म्हणाल्या, “पेनिसिलिन. आठवड्याला एक, अशी तीन इंजेक्शनं. लवकर सापडलं, बाळ वाचेल, तू पण बरी होशील. पण नवऱ्याला पण घ्यावं लागेल. तो नाही घेणार तर तुला पुन्हा होईल, आणि मग बाळाचा भरवसा मी नाही देणार.”

मी टॉवेलचं विचारलं. त्या “नाही बेटा” म्हणाल्या.

मग विचारलं, “श्रीनाथला आधी कधी असं झालं होतं? औषध घेतलं होतं? मला माहीत असणं जरूरी आहे.”

“मला माहीत नाही.”

“बाहेर कोण आलंय?”

त्यांनी भय्यासाहेबांना आत बोलावलं. मी जागच्या जागी मेले. सासऱ्यांसमोर हा विषय! डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सारं सांगितलं आणि तोच प्रश्न त्यांना केला. मला वाटलं, ते संतापतील, कानांवर हात ठेवतील.

ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “तो तर बरा झाला होता. यज्ञेश्वरनं सांगितलं होतं.”

“कधी?”

“गेल्या कार्तिकात.”

“किती इंजेक्शनं घेतली?”

“तीन सांगितली होती. पहिलं माझ्यासमोर झालं. नंतरची… दौऱ्यावर होता, तिकडेच घेईन म्हणाला. यज्ञेश्वर म्हणाला, तीन महिने जाऊ द्या, मग लग्न करा. म्हणून तर आम्ही पुढे…”

तिथे त्यांना भान आलं. माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्यांच्याकडे. कार्तिक. मार्गशीर्षातलं लग्न. माघ.

माझ्या पत्रिकेत काही नव्हतं.

डॉक्टरांना यातलं काही कळलं नाही. त्या लिहून घेत होत्या. “मग अर्धाच इलाज झाला असेल, किंवा पुन्हा लागलं असेल. ते त्याच्या रक्तावरून पाहावं लागेल,” म्हणाल्या. सिस्टरनं हातावर टोचून पाहिलं, अर्धा तास थांबवलं, मग कमरेत इंजेक्शन दिलं. ते खूप दुखलं. बरं वाटलं, काहीतरी दुखलं म्हणून.

परतताना सवारीसाठी रस्ते बंद होत होते. टेम्पोत आम्ही समोरासमोर बसलो होतो. ते एकदा म्हणाले, “ऊन फार आहे.” ऊन नव्हतं.

१८ ऑगस्ट

काल संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला, ठिपके लालभडक झाले. असं पहिल्या इंजेक्शननंतर होतं, दिवसभरात उतरतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. माई म्हणाल्या, “पाहिलं? पोटुशी बाईला कोणी सुई टोचतं? बंद कर ते सगळं.” त्यांना काय माहीत आहे आणि काय नाही, याचा अंदाज मी घेत होते. मग त्या कपाळावरची पट्टी बदलत म्हणाल्या, “पुरुषांच्या अंगात गरमी असते बेटा. बायकोला निभवून घ्यावं लागतं.”

म्हणजे माहीत आहे.

२२ ऑगस्ट

श्रीनाथ आज आले. देवास गेटच्या बसस्टँडवरून थेट घरी न येता यज्ञेश्वरकाकांकडे गेले होते, म्हणजे निरोप पोचला होता. मी वाक्य जुळवलं नव्हतं.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं. “पहिला प्रश्नच तुम्ही विचारलात, दुखतो का. आपोआप जाईल, हेही तुम्हाला माहीत होतं.”

“ती जुनी गोष्ट आहे. लग्नाच्या आधीची. एकदाच झालं होतं. कंपनीची कॉन्फरन्स होती मुंबईला, सगळे गेले, मी पण चालला गेलो.”

“आणि उरलेली इंजेक्शनं?”

“मला काही त्रासच नव्हता, तर कशाला घेऊ?”

“मला फोड आला तेव्हा?”

ते उठून उभे राहिले. मग चिडून म्हणाले, “तुला कॅप्सूल आणून दिल्या नं? मी काय हात बांधून बसलो होतो?”

“सुनंदा डॉक्टरांकडे रक्त द्यायला उद्या चला.”

“उज्जैनात? कल्पना, माझे डीलर आहेत इथे. नानाखेड्याचा प्लॉट बुक केलाय, पुढल्या वर्षी एरिया मॅनेजर होतोय मी. आणि मला काय झालंय? हे पाहा.” त्यांनी दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले. स्वच्छ, गोरे. “तूच दाखव कोणाला डाग आहेत ते.”

मी माझी उशी घेऊन सुलूच्या खोलीत आले. पोट दुखतं, एकटी झोपायला भीती वाटते, असं तिला सांगितलं. मीही खोटं बोलायला शिकते आहे.

२५ ऑगस्ट

दुसरं इंजेक्शन काल झालं.

आज भय्यासाहेब स्वतः गच्चीवर आले. मी कपडे वाळत घालत होते. म्हणाले, “सूनबाई, मी खोटं गणित नाही केलं. गणित बरोबर होतं. मी फक्त… जे निघालं नाही ते सांगितलं.”

मी पुढचा कपडा झटकून दोरीवर टाकला.

“मुलगा बरा होईल, मग कोणाचं काही बिघडणार नाही, असं वाटलं मला.”

“मग माझ्या बाबांना का वाकायला लावलंत? तुमच्याकडचं काही कारण सांगायचं होतं. सुतक, आजारपण, काहीही.”

त्यांनी जे उत्तर दिलं ते शब्दशः लिहिते, कारण ते देताना त्यांचा स्वर वर्गात शिकवणाऱ्या मास्तरांसारखा शांत झाला होता. “मुलाच्या आजारपणाचं कारण दिलं तर चौकशी होते, लग्न मोडतं. मुलीच्या दोषाचं कारण दिलं तर लग्न फक्त लांबतं. मुलीकडचे उलट आभार मानतात.”

वर्षानुवर्षं लग्नं जुळवणाऱ्या माणसाला हे ठाऊक असणारच. मी बाबांचे जोडलेले हात आठवले.

मग ते ज्यासाठी आले होते ते बोलले. “सुलूला यातलं कळू देऊ नकोस. इंदूरचं स्थळ येऊन राहिलंय, चांगले लोक आहेत. अपूर्व नाव आहे मुलाचं, तो पण फिरतीवरच असतो. या घरातून एक शब्द बाहेर गेला तर पोरीचं लग्न होईल?”

“आणि ह्यांच्या रक्ततपासणीचं?”

“तो ऐकत नाही माझं. तूच थोडी नमून घे. बाळ येईल, सगळं ठीक होऊन जाईल.”

श्रीनाथांनी मला फसवलं, याचं दुःख मला नीट करताच येत नाही. मी त्यांना ओळखतच कुठे होते? पण हे, ज्यांच्या पायांशी बसून मी दुपारभर श्लोकांचे अन्वय लावले…

२८ ऑगस्ट

टावर चौकातल्या पीसीओवरून बाबांच्या शाळेत फोन केला. काचेच्या खोक्यात आकडे पळत होते आणि बाहेरचा मालक माझ्याकडे पाहत होता. बाबांना ऑफिसातून बोलवायला शिपाई गेला.

“काय ग, सगळं कुशल ना? काही मंगळाचं…?”

“मंगळ नव्हताच बाबा. ह्यांना आजार होता, म्हणून लग्न पुढे ढकललं. तो आता मला झाला आहे. मला न्यायला या.”

“कसला आजार?”

आजूबाजूला त्यांचे सहकारी असणार. माझ्या मागेही रांग होती. मी तो शब्द उच्चारला. पलीकडून पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

“औषध चालू आहे?”

“आहे.”

“तुझ्या आईला काय सांगू?”

“खरं सांगा.”

पुन्हा पंखा. “गौरी उठल्या की येतो. आत्ता निघालो तर लोक विचारतील.” मग, फोन ठेवता ठेवता, “पण तू नीट चौकशी केलीस ना? कधी कधी ऐकण्यात…” आणि लाइन तुटली. तुटली की त्यांनी ठेवला, सांगता येत नाही.

३० ऑगस्ट

श्रीनाथ काल मुंबईला गेले. रक्त न देता. “गणपतीला थांबत नाहीस?” माईंनी विचारलं, तर म्हणाले, “टार्गेट आहे.”

दुपारी पानं मांडली होती. भय्यासाहेब, सुलू आणि मी. माई वाढत होत्या. भय्यासाहेब म्हणाले, “इंदूरहून पत्रिका आली. उत्तम जुळते. बत्तीस गुण.”

सुलू लाजली. “मुलगा कसा आहे ते सांगा ना, गुण काय करू?”

“घरंदाज आहे. मी पाहिलं सगळं.”

ते माझ्याकडे बघत नव्हते. भात वाढून झाला होता, वरण यायचं होतं. मी बोलायचं ठरवलं नव्हतं.

“सुलू, मी दर सोमवारी इंजेक्शन घेते ते ताकदीचं नाही,” मी म्हटलं. “मला उपदंश झाला आहे. तुझ्या दादापासून. लग्नाआधीपासून त्याला होता आणि घरात सगळ्यांना माहीत होतं.”

माईंच्या हातातली वाटी पातेल्यात पडली. “अन्नावर बसून काय बोलून राहिलीस!”

सुलूनं वडिलांकडे पाहिलं. “भय्यासाहेब?”

त्यांनी पानाभोवती पाण्याची रेघ ओढली होती, ती बोटानं पुन्हा ओढली. “सूनबाई,” ते म्हणाले, “सुशिक्षित मुलीच्या तोंडी हे शब्द शोभत नाहीत.”

मला वाटलं होतं, ते निदान नाही तरी म्हणतील. मी त्यांच्यासमोर भात कालवला आणि पूर्ण जेवले. मला दोघांसाठी जेवायचं आहे.

१ सप्टेंबर

काल गणपती बसले, म्हणून डॉक्टरांनी तिसरं इंजेक्शन आज ठेवलं होतं. कोणी सोबत येईल अशी अपेक्षा नव्हती. दोन दिवस सुलू माझ्याशी बोललेली नाही. आपलं ठरत असलेलं लग्न मी नासवलं असं तिला वाटत असेल, आणि तसं वाटण्याचा तिला अधिकार आहे, असं मी मानून चालले होते. फाटकापाशी पोचले तर ती लूना काढून उभी. “बस मागे. खड्डे चुकवत नेते. पकडून बस, पडलीस तर माई मला खाऊन जाईल.”

दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टरांनी माझे तळहात पाहिले. ठिपके पिवळट होऊन विरत चालले आहेत. पुढल्या महिन्यात पुन्हा रक्त, मग बाळंतपणापर्यंत दर काही आठवड्यांनी. “अमळनेरला जाणार असशील तर तिथल्या डॉक्टरला मी सगळं लिहून देते. लपवायचं नाही.” मी हो म्हटलं. बाबा आले तर त्यांच्याबरोबर, नाही आले तर एकटी. तिकिटाचं मी येताना सुलूलाच विचारून ठेवलं आहे.

“श्रीनाथ?”

“मुंबईला गेले.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “तर मग बरं होऊनही तू त्याच्यापासून लांब राहायचं. हे मी डॉक्टर म्हणून सांगते आहे.”

“दहा दिवसांपासून तशीच राहते आहे.”

सुलू दाराशी उभी होती. तिला बाहेर जायला सांगावं असं कोणाला सुचलं नाही. ती एकदम म्हणाली, “डॉक्टर, माझं लग्न ठरून राहिलंय. मुलाला काय तपासायला सांगायचं असतं?”

डॉक्टरांनी तिला बसवलं. तपासणीचं नाव सांगितलं, कुठे होते ते सांगितलं, त्यात लाजण्यासारखं काही नाही हेही सांगितलं. सुलू ऐकत होती. बोटानं टेबलाची कड खरवडत होती.

“भय्यासाहेब नाहीच विचारणार. मलाच विचारावं लागेल,” ती म्हणाली. “आणि तो नाही म्हणाला तर?”

डॉक्टर काही बोलण्याआधी मी बोलले. माझा आवाज मला अनोळखी वाटला, पण वाक्य जुळवावं लागलं नाही.

“मग तेच उत्तर समजायचं.”

तेवढ्यात सिस्टरनं आतून हाक मारली. मी उठले.